इथे आधी नुसता चिखल होता?



आज बोलायचं आहे ते आमच्याबद्दल, म्हणजे नवी मुंबईतल्या आगरी आणि कोळी लोकांबद्दल. सोसायटीच्या जिन्यात, लोकलच्या लेडीज डब्यात, शाळेच्या फाटकापाशी आमच्याविषयी काही वाक्यं ठरलेली असतात. "तुमचं काय बाई, जमिनीचे पैसे आले." "तुमच्याकडे हळद जोरात असते ना?" "तुमची भाषा किती मजेशीर!" बोलणारीच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण या सगळ्या वाक्यांच्या मुळाशी एक समजूत आहे आणि तिची किंमत आम्ही पन्नास वर्षांहून जास्त काळ मोजतो आहोत. ती अशी, की सिडको यायच्या आधी इथे काही नव्हतंच, नुसता चिखल होता.

तर त्या चिखलापासूनच सुरुवात करू.

आपण राहतो तो सगळा मुलूख खाडीचा आणि बेटांचा आहे. मुंबई सात बेटांची हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. खाडीच्या अलीकडेही तशीच बेटं होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. उरण-करंजा हे पूर्वी बेटच. न्हावा आणि शेवा ही दोन गावंही बेटावरचीच. आज ती नावं फक्त बंदराच्या पाटीवर वाचायला मिळतात. घारापुरी अजून बेट आहे. या सगळ्यांच्या मधून ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी आणि त्यांचे असंख्य फाटे वाहतात. उधाणाच्या भरतीला इथलं पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. दिवसातून दोनदा समुद्र घराच्या दिशेनं यायला निघतो आणि दोनदा परत जातो. अशा ठिकाणी शेत आपोआप होत नाही. ते करावं लागतं.

आमच्या आज्या-पणज्यांनी ते केलं. चिखलाचीच ढेकळं काढून, डोक्यावरून, खांद्यावरून वाहून नेऊन खाडीच्या कडेनं बांध घातले. समुद्राच्या बाजूचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्या बांधात जागोजागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. त्याची फळी अशी बसवलेली असते की भरतीचं पाणी चढलं की त्या पाण्याच्याच दाबानं ती बंद होते, आणि ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. रात्री कुणी उठून उघडायला नको, कुणी लावायला नको. खारं पाणी बाहेर आणि गोडं पाणी आत राहिलं की दोन-चार पावसाळ्यांत जमिनीतलं मीठ धुऊन निघतं आणि भात उभं राहतं. पहिल्यांदा घ्यायचा तो राता, लाल दाण्याचा, मीठ सोसणारा. एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडली तर अख्खं गाव, बाया-पोरांसकट, रात्रीचं तिकडे धावायचं. कारण एक भरती आत शिरली तर पुढची दोन-तीन वर्षं त्या शेताचं काही खरं नसे.

आता गंमत बघा. वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांत सिडकोनं मोठाले धारण तलाव केले. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी तिथे साठायचं आणि ओहोटीला दारातून खाडीत जायचं, म्हणून आपले रस्ते बुडत नाहीत. (तलावात गाळ भरला की बुडतात, तो वेगळा विषय.) याला सगळे डच पद्धत म्हणतात. हॉलंडचं नाव घ्या, आमची हरकत नाही. पण त्या झडपेचं तत्त्व आणि आमच्या उघाडीचं तत्त्व एकच आहे, आणि उघाडीची देखभाल करणारे हात याच गावांमध्ये होते.

भात झालं की मीठ. 'आगरी' हे नावच आगरावरून आलं, मिठागरावरून. पाऊस सरला की उधाणाचं पाणी मिठागरात घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात सोडत सोडत उन्हानं आटवायचं, आणि उन्हाळ्यात मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या. त्या उन्हात, त्या पांढऱ्या चमकेत काम करून पायाला पडणाऱ्या भेगा ज्यांनी बघितल्या आहेत त्या 'नुसता चिखल' म्हणणार नाहीत. मुंबईचं जुळं शहर खाडीच्या पूर्वेला व्हावं ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. कोऱ्या कागदावर शहर काढायचं तर आधी कागद कोरा आहे असं मानावं लागतं. खारजमीन, मिठागर, खाजण ही नकाशावर रिकामी दिसतात. तिथून कालवं, चिंबोऱ्या आणि निवट्या काढून रोजची हंडी चढवणारी बाई तर कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

घारापुरीचंच घ्या. लेणी बघायला लाखो लोक जातात. दुपारी बोटीत बसताना बऱ्याच जणींना वाटतं, आता संध्याकाळी बेट रिकामं होणार. होत नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं तिथे नांदती आहेत आणि ती आपल्या उरण तालुक्यात येतात. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्या गावांत खरीखुरी वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळाखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर रोज संध्याकाळी काही तास जनरेटर, आणि समोर रात्रभर झगमगणारी मुंबई. पाहुण्याला दगडातला शिव दिसतो, पायऱ्यांवर काकडी आणि कैरी विकणारी बाई मात्र त्याला बाहेरून आलेली फेरीवाली वाटते. ती त्या बेटाची मालकीण आहे.

आणखी एक घोटाळा नेहमीचा. आगरी आणि कोळी एकच, असं धरून चालतात. एकमेकांच्या उंबऱ्याला उंबरा लागून आम्ही राहिलो, कार्ल्याची एकवीरा दोघांचीही, बोली जवळची, ताटात मासळी दोघांच्याही. पण आगरी मुळात जमिनीचा आणि मिठाचा माणूस, कोळी होडीचा आणि जाळ्याचा. आणि 'कोळी' म्हटलं की सगळे सारखे हेही नाही. किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे आणि सह्याद्रीच्या डोंगरातले महादेव कोळी वेगळे. महादेव कोळी ही अनुसूचित जमात आहे, तिचा समुद्राशी संबंध नाही. शाळेत जातीचा दाखला भरताना या एका शब्दावरून किती जणींची धावपळ होते, ते त्यांनाच विचारा. गोराई-वसईकडे तर ख्रिस्ती कोळीही आहेत, नाताळला चर्चमध्ये जाणारे.

आता बोली. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी आमच्या बोलीचं जे केलं आहे त्याबद्दल मला खरंच राग आहे. आमच्याकडे 'पाणी'चं 'पानी' होतं, 'कोळी'चा 'कोली' होतो, 'घोडा' तो 'घोरा'. हे चुकून होत नाही. दर वेळी, त्याच जागी, त्याच नियमानं होतं, आणि ज्याला नियम आहे त्याला व्याकरण आहे. शाळेत मात्र आमच्या पोरीच्या वहीत त्याखाली लाल रेघ येते आणि ती वर्गात तोंड उघडायचं बंद करते. प्रमाण मराठी शिकवावी, जरूर शिकवावी. पण घरची भाषा गावंढळ आहे असं न सांगताही ती शिकवता येते.

'तू' वरून तर किती गैरसमज! आमच्या घरांत आईला, बापाला, कित्येकदा सासूलाही 'तू' म्हणतात. सोसायटीतल्या एखाद्या काकूंना आमच्या मावशीनं "तू कधी आलीस?" म्हटलं की त्यांना ते लागतं. तिनं तुम्हाला घरातलं धरलं, एवढाच त्याचा अर्थ. 'दादूस' म्हणजे थोरला भाऊ. गळ्यात साखळदंड घातलेल्या माणसाची चेष्टा करायला तो शब्द वापरायचा, हे बाहेरच्यांनी सुरू केलं आणि दुर्दैवानं आमच्या पोरांनीही ते उचललं. 'नाखवा' हा गाण्यात ऐकलेला शब्द होडीच्या मालकाचा. तो फारसीतल्या 'नाखुदा'वरून आला. या किनाऱ्यावर अरबस्तान-इराणकडची गलबतं येत होती, त्याची खूण त्या एका शब्दात राहिली आहे.

गाण्यांवरून हळदीवर येते, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असणार. आगरी-कोळी म्हणजे डीजे, दारू आणि नाच, अशी एक ओळख झाली आहे. खोटं कशाला बोलू, हळदीचा खर्च हाताबाहेर गेलेला आहे. कर्ज काढून मंडप घालतात आणि ते फेडायला पुढे बाईचे दागिने जातात. आमच्याच गावांतल्या बायका याविरुद्ध बोलतात, भांडतात. पण त्या आवाजाखाली जे झाकलं गेलं आहे ते तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल, शंका आहे. आमची लग्नं लावायची ती धवलारीण.

धवलारीण ही बाई. लग्नातले विधी तिच्या गाण्यावर चालतात. हळद दळताना, तेल लावताना, मांडव घालताना, देव बसवताना, प्रत्येक वेळचे धवळे वेगळे. ते कुठल्या पोथीत लिहिलेले नसतात. तिच्या डोक्यात असतात, तिनं आपल्या आधीच्या धवलारणीमागे बसून, सूर धरून शिकलेले असतात. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, असं तासन्‌तास चालतं. देवांना आमंत्रण तीच देते, गावच्या देवीला, समुद्राला, पूर्वजांना. तिला मानानं बोलावणं जातं, साडी आणि दक्षिणा दिली जाते. बाईनं पौरोहित्य करावं की नाही यावर शहरात चर्चासत्रं भरतात. आमच्या मांडवात तो प्रश्न कधी पडलाच नाही.

आणि 'धवळे' हा शब्द काही आजकालचा नाही. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात त्या महानुभाव पंथाच्या महदंबेनं तेराव्या शतकात जे रचले तेही धवळेच, लग्नाची गाणी. म्हणजे मराठी बाईच्या कवितेचा जो सगळ्यात जुना घाट आपल्याला माहीत आहे, त्याच नावाची गाणी घणसोली-करावे-जासईच्या मांडवात परवापरवापर्यंत गायली जात होती, काही ठिकाणी अजून जातात. आता लग्नघरी भटजींची वेळ सकाळची आणि डीजेची रात्रीची ठरलेली असते. धवलारणीला मधली अर्धी-पाऊण घटका मिळाली तर मिळाली. माईक तर तिला कुणी देत नाही. ऐकणाऱ्या मुलींपैकी कुणाच्या घरात अशी आजी असेल, तर मोबाईलवर तिची गाणी भरून ठेवा. तिला घाई करू नका. ती चहा मागेल, मग विसरलं म्हणेल, मग तिसऱ्या दिवशी आपणहून सुरू करेल.

सोन्याबद्दल थोडंसंच. कोळीण अंगावर सोनं घालते ते मिरवायला, हा समज. समुद्रावरच्या धंद्याला महिन्याचा पगार नसतो. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होडीचं इंजिन बिघडलं, जाळं फाटलं, की बाईच्या गळ्यातलं आधी सोनाराकडे जातं आणि हंगाम लागला की सोडवून आणलं जातं. ती तिची बँक आहे, आणि बँकेचं पासबुक तिच्याच गळ्यात आहे. पुरुषानं मासळी आणायची आणि बाईनं ती विकायची, अशी आमच्याकडे कामाची वाटणी असल्यामुळे रोख पैसा पहिल्यांदा बाईच्या हातात येतो. बाजारातला तिचा चढा आवाज त्यातून आलेला आहे; तो भांडकुदळपणा नव्हे. आणि काल वाट्याचा एक भाव, आज दुसरा, म्हणून तुम्ही तिला लुबाडणारी म्हणता तेव्हा जरा चंद्राकडे बघा. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोलीच्या जाळ्यात मासळी भरते. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी मंद, जाळं हलकं. भाव त्याप्रमाणे हलतो.

आता पैसा. "तुम्हाला साडेबारा टक्के मिळाले ना!"

ते मिळाले नाहीत, घेतले गेले. आणि घेताना माणसं गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी दास्तान फाटा आणि नवघर इथे जमिनीच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. नेते होते जासईचे दि. बा. पाटील. त्या मोर्चांत बायका पुढे होत्या. मागणी एवढीच होती, की आमची जमीन घेऊन तुम्ही शहर करणार आणि ती कितीतरी पट भावानं विकणार, तर त्या शहरात आमचाही वाटा असू द्या. त्यातून १९९० साली साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला. 'आगरी माणूस तापट, उठसूट रस्त्यावर येतो' असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही ऐकावं: उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात आठ जण गोळ्या खाऊन पडले, त्यांत आगरी होते, कोळी होते, कातकरीही होते. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसायचं नाकारलं. इतकी वर्षं शेत पडीक ठेवून, मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून पोटं भरली. तापट माणसाकडून इतकं धीराचं काम होत नाही.

साडेबारा टक्क्यांचा हिशोबही ऐका. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी काही भाग कापला गेला. जे हातात आलं ते भाडेपट्ट्यानं. सातबाऱ्यावर एका आजोबाचं नाव, खाली वीस-पंचवीस वारस. एका भूखंडाचे वीस तुकडे होत नाहीत, मग बिल्डर येतो आणि वारसांच्या हातात दोन खोल्या किंवा रोकड देतो. रोकड किती दिवस पुरते ते तुम्ही जाणता. शेतमजूर आणि मिठागरावर राबणारे यांच्या नावावर मुळात जमीनच नव्हती, त्यांना काय मिळणार? गावठाणं वाढवून दिली गेली नाहीत, पोरांची लग्नं झाली, घरं वर चढली. आता त्याच घरांना अनधिकृत म्हणतात. गावातून जाताना अरुंद गल्ली आणि चिकटलेल्या भिंती बघून 'झोपडपट्टीच आहे' म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं, की आजूबाजूचं शहर त्या गावाच्या शेतावर उभं आहे.

कोळ्यांची गोष्ट याहून अवघड, कारण समुद्राला सातबारा नसतो. बंदरासाठी शेवा गाव उठवलं गेलं. १९८९ साली बंदर सुरू झालं. तिथल्या मच्छीमारांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवलं आणि त्या घरांना वाळवी लागली. जाळं टाकायची जागा भरावाखाली गेली तर तिची नुकसानभरपाई कुठल्या कागदावर मागायची? उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांच्या मच्छीमारांनी हा प्रश्न हरित न्यायाधिकरणात नेला. २०१५ साली न्यायाधिकरणानं १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. परंपरेनं मासेमारी करत आलो हाही एक हक्क आहे, हे त्या निकालात मान्य झालं. त्या दाव्यासाठी किती पिढ्या कुठल्या खाडीत, कुठल्या महिन्यात, काय मासळी पकडतात याची माहिती गोळा करावी लागली. 'इथे काही नव्हतं' हे वाक्य असं कागदावर खोडावं लागतं.

राहिला एक कागद, तो आपल्या घरातला. मोबदला वाटताना किंवा भूखंड नावावर होताना बहिणींना बोलावतात, जेवू घालतात, साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तरी भावाचं माहेरपण तुटू नये म्हणून आम्ही सह्या करतो, आणि पुष्कळदा कागद न वाचता करतो. बाहेरच्यांना वाटतं आगरी बाई बोलायला भारी, ती कुणाला ऐकत नाही. बाजारात नाही ऐकत. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत मात्र खाली मान घालून अंगठा देते.

म्हणून पुढच्या बुधवारी याच वेळी आपल्या केंद्रावर एक वकीलताई येणार आहेत. हक्कसोडपत्र कसं वाचायचं, सही करण्याआधी कुठले उतारे मागायचे, आणि एकदा केलेल्या सहीचं पुढे काय होतं, हे त्या सांगतील. ज्यांच्याकडे जुने सातबारा किंवा संपादनाच्या नोटिसा असतील त्यांनी त्यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवा, कुणालाही देऊ नका.